चांदसाहेबाची गवाही

चांदसाहेब कल्हईवाल्याला दिसल्याशिवाय तासगावात ईदचा चांद दिसत नाही, अशी गल्लीची थट्टा होती. दरसाल तो आपल्या माळवदावर उभा राही, आणि तो "दिसला" म्हणाला की मगच खाली शेवयांची पातेली चुलीवर चढत. न बघता गवाही देणं त्याच्या लेखी हरामच होतं.

पण दोन वर्षं नजर कडेकडेनं विझत चालली होती. गेलेली परत यायची नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. बायको महेजबीन सोडली तर कुणाला पत्ता नव्हता.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मानसिंग मास्तरांनी कराडहून मोठी दुर्बीण आणली. शाळेच्या पटांगणात गाव लोटला.

"लय लांब ताऱ्यांचा एक भोवरा हाय," मास्तर सांगत होते. "त्यातला एक तारा फुटलाय. असं तारं फुटत्यात, पर ह्यो जगायेगळा झगझगतोय. ह्यो उजेड निघाला तवा माणूस जल्मलाबी नव्हता."

चांदसाहेबाचा जीव तुटला. एवढ्या लांबून पाहुणा आलेला आणि आपलंच दार बंद! एकदा दिसावा, मग डोळे गेले तरी चालतील, असं त्याला वाटलं.

रांगेतला जो तो डोळा लावून "दिसला, दिसला!" म्हणत होता. निम्म्यांना काय दिसलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. चांदसाहेब वाकला. अंधार. डोळा चोळून पुन्हा लावला. अंधारच.

"दिसला न्हवं?" मास्तर म्हणाले. "तुमास्नी न्हाई तर कुणाला दिसंल!"

नुसतं व्हय म्हटलं असतं तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती.

"न्हाई दिसला, मास्तर," तो म्हणाला. "आता चांदबी दिसायचा न्हाई मला."

चांदसाहेब चाचपडत घरी गेला.

ईदच्या आदल्या सांजेला जायचं नाही असं ठरवूनही त्याला राहवलं नाही. महेजबीननं त्याला हाताला धरून माळवदावर नेलं. ढग फाटले तशी तिनं त्याची बोटं दाबली.

"दिसला का गं? कसा हाय?"

तिनं त्याचा तळहात उघडून नखानं बारीक कोर ओढली. त्याचे डोळे भरून आले. खाली गल्ली सवयीनं वर बघत उभी होती.

"मी न्हाई बघितला," तो ओरडला. "हिनं बघितला! शेवया चढवा!"

गल्लीत एकच गलका झाला. चांदसाहेबानं ती मूठ मिटली आणि दुसरा हात तिच्यापुढे उघडला.

"आणि त्यो फुटलेला? त्यो कसा असंल?"

दुर्बिणीच्या रात्री महेजबीन घरीच होती. न बघता ती काय ओढणार? तिनं त्या तळहातावर आपला हात ठेवला.