आमच्या डॉक्टरांचे दात

आमच्या दवाखान्यात माणसं येतात तीच मुळी तोंड उघडायला. आता तोंड उघडल्यावर नुसते दातच बाहेर येतात होय? सासू बाहेर येते, सुपरवायझर बाहेर येतो, शेजाऱ्याच्या बोअरवेलचं भांडण बाहेर येतं! तीन वर्षं रिसेप्शनला बसून माझ्याकडे इतका माल साठलाय की घरी नवरा म्हणतो, "जेवताना सांगू नकोस, घास अडकतो." म्हणून तुम्हाला सांगते.

मी सुनंदा, राहणार दापोडी. आधी अकरा वर्षं एका कंपनीत डिस्पॅचला होते, म्हणून आवाज मोठा. दवाखाना चाकणला, हायवेपासून जरा आत, पहिल्या मजल्यावर. खाली सलीमभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज. डॉक्टर केतन, वय चौतीस, वाकडे दात सरळ करण्यातले स्पेशालिस्ट. हात एकदम हलका, स्वभाव गरीब. मला काकू म्हणतात. फक्त एक गोष्ट खटकायची. माणूस कायम मास्कमध्ये! पेशंट असो नसो, मास्क. मला वाटलं, कोरोनाची भीती बसली असेल बिचाऱ्याच्या मनात.

दुसऱ्या महिन्यात डबा खाताना खरं कारण दिसलं. डॉक्टरांचे स्वतःचे पुढचे दात म्हणजे पंगतीत जागा धरायला धावलेली माणसं. एकावर एक, एक आडवा, एक मागे राहिलेला! मी भाजीकडे बघत राहिले.

*

दात सरळ करायला आमच्याकडे दोन रस्ते. एक म्हणजे धातूचे ब्रेसेस. दातांवर चिकटवायचे, त्यातून तार ओवायची, महिन्याला येऊन घट्ट करून घ्यायची. दुसरे अलायनर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. जेवताना काढायचे, बाकी दिवसभर घालायचे, ठरलेल्या दिवसांनी पुढचा साचा. डॉक्टर हे सगळं प्रत्येकाला अर्धा तास समजावून सांगतात. मास्कच्या आडून.

एकदा तात्या आले, जवळच्याच गावचे. जमीन कंपनीला गेली तेव्हापासून गळ्यात साखळी, मनगटात कडं, बोटात तीन अंगठ्या. सोबत दहावीतला मुलगा. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं. तात्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ह्यात भारीतलं कुठलं?"

"अलायनर जरा महाग पडतात."

"मग तेच द्या."

"आणि तात्या, त्याचा मोठा फायदा म्हणजे लावलेत हे कोणाला दिसतसुद्धा नाही."

तात्या उठता उठता परत बसले. "दिसत न्हाई?"

"अजिबात नाही!"

"म्हंजे एवढं करायचं, आन् गावाला दिसायचं बी न्हाई? मग आमी केलं हे कळायचं कसं?"

झालं. ब्रेसेस ठरले. दारापर्यंत जाऊन तात्या मागे वळले. "डॉक्टर, त्या तारंत सोन्याचं काय येत न्हाई का?"

"नाही हो तात्या."

"बरं, ऱ्हाऊ द्या. पर जाड बसवा!"

*

तात्यांसारखे सगळे असते तर प्रश्नच नव्हता. पण एका दुपारी डॉक्टर चहा प्यायला खाली टपरीवर गेले आणि मास्क हनुवटीवर घेतला. नेमक्या तेव्हाच एक बाई मुलीला घेऊन आमच्याकडेच येत होत्या. मुलगी दहा वर्षांची, आवाज माझ्यासारखा.

"मम्मी, हेच का दातांचे डॉक्टर? ह्यांचे तर माझ्यापेक्षा वाकडेत!"

बाई पायरीवरनं परत गेल्या. असं परत गेलेलं त्या महिन्यातलं हे तिसरं गिऱ्हाईक! चाकण काही एवढं मोठं नाही. अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "काकू, दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर दवाखाना बंद करतो. सांगवीच्या मॅडमकडे आधी नोकरी करायचो, त्या परत घेतील मला."

म्हटलं, "आणि मला कोण घेणार?"

त्यांनी मास्क खाली ओढला. मग म्हणाले, "लहानपणी घरात आम्ही चार भावंडं, दात कोण बघतंय? मोठेपणी लोकांचे बघण्यात वेळ गेला. मी लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेलो नाही, काकू. बायकोच्या मामांनी भर मांडवात विचारलं होतं, मुलाच्या मनाविरुद्ध तर नाही ना चाललंय?"

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. एवढा गुणाचा मुलगा आणि तोंड लपवत फिरतोय! मी सांगून टाकलं, "डॉक्टर, आधी तुमचे दात करा. बाकी सगळं नंतर."

*

आता नितीन. नितीन एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. पहिल्याच दिवशी खिशातनं मापाची पट्टी काढून स्वतःच्या दातांमधली फट मोजून दाखवली. डॉक्टरांना म्हणाला, "सर, फायनल साइज काय मिळेल? प्लस-मायनस किती?"

त्याने अलायनर घेतले. आठवड्यात हरवले! कॅन्टीनमध्ये जेवताना काढून टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ताटाजवळ ठेवले, आणि ताटासकट गेले खरकट्यात. पठ्ठ्याने हातमोजे घालून अख्खा ड्रम उपसला. सापडले, आमटीत. डॉक्टरांनी असा झापला की विचारू नका. "डबी दिलीय ना? डबीतच ठेवायचे, आणि डबी रोज एकाच जागी!"

आता कंपनीतल्या माणसाला 'एकाच जागी' म्हटलं की काय होतं, ते मला विचारा. तिथे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, जागेभोवती पिवळी चौकट, चौकटीवर नाव. नितीनने कॅन्टीनच्या टेबलावर पिवळ्या टेपने चौकट आखली आणि वर लेबल लावलं: 'नितीनचे दात'.

पुढच्या महिन्यात ऑडिट. बाहेरचे साहेब फिरत फिरत कॅन्टीनमध्ये आले, चौकटीपाशी थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे काय आहे?"

"सर, दात ठेवायची जागा."

"मग दात कुठायत?"

नितीनने तोंड उघडून दाखवलं. "वापरात आहेत, सर!"

साहेबांनी वहीत टिकमार्क केली आणि पुढे गेले.

*

सलीमभाईंची सानिया आमचीच पेशंट, ब्रेसेसवाली. एका रविवारी तारेचं टोक सुटून गालाला टोचायला लागलं. दवाखाना बंद, डॉक्टर गावाला, पोरगी रडतेय. सलीमभाईंनी गॅरेजमधली बारीक पक्कड घेतली, उकळत्या पाण्यात टाकली आणि तार आत वळवून दिली.

सोमवारी डॉक्टर भडकले. मी त्यांना भडकलेलं एवढं एकदाच पाहिलं. "सलीमभाई, हे असलं परत करायचं नाही! तुकडा पडून घशात गेला असता म्हणजे?"

"चुकलं डॉक्टरसाब. बाप आहे, बघवेना."

डॉक्टरांनी दिवा ओढला, तारेकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "सलीमभाई, पक्कड कुठली वापरली?"

सलीमभाई खुलले. "डॉक्टरसाब, आपला धंदा एकच. तुम्ही महिन्याला टाइट करता, मी रोज करतो. फरक एवढाच, माझी गाडी ओरडत नाही!"

*

इकडे डॉक्टरांचं स्वतःचं काही ठरेना. तारा लावल्या, तर अलायनरवाले म्हणणार, ह्यांचाच विश्वास नाही, आम्हाला कशाला गळ्यात मारताय? अलायनर लावले, तर तारावाले म्हणणार, आम्हाला पिंजरा आणि स्वतःला काच? दुसऱ्याला अर्ध्या तासात पटवून देणारा माणूस स्वतःशी अकरा दिवस भांडत होता! कागदावर दोन रकाने पाडायचे, लिहायचे, खोडायचे. पेशंट तर येत नव्हतेच, त्यामुळे कागदाला वेळच वेळ.

बाराव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "अहो, वर एक लावा, खाली एक लावा, पण लावा एकदाचं!"

मी रागाने बोलले होते हो! पण डॉक्टर पेन ठेवून उभेच राहिले. "काकू!" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सांगवीला गेले.

सांगवीच्या मॅडमनी तपासलं, माप घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या दातांना हे चालेल. पण केतन, ठरवता येत नाही म्हणून दोन्ही घेणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहतेय. साडीच्या दुकानात चालतं रे असं!"

जूनमध्ये बसवलं. वर प्लास्टिक, खाली तारा. मी खूश. आता लोकांना दाखवतील, बोलतील, चार पेशंट येतील. कपाळ माझं! मास्क होता तिथेच. लोकांचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात, आमच्या डॉक्टरांकडे दाखवायचे नव्हतेच! दाढा दुखतात म्हणून महिनाभर भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, पण गिऱ्हाइकासमोर तोंड म्हणून उघडलं नाही.

*

गणपती उठले, दिवाळी महिना-दीड महिन्यावर आली. घरमालकाला नोटीस द्यायची चिठ्ठी डॉक्टरांनी लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलेली. ड्रॉवर माझाच, मी वाचली. तेवढ्यात नितीनने कंपनीतून निरोप आणला. शिफ्ट बदलताना दोनशे कामगारांसमोर दातांवर बोलायचं. डॉक्टर नको म्हणत होते, मी ऐकते काय? मी स्वतः बॅग धरून सोबत गेले.

डॉक्टर बोलले छान. पडद्यावर चित्रं दाखवली, दोन्ही रस्ते समजावले. लोक शांतपणे ऐकत होते, म्हणजे अर्धे झोपले होते. मग विचारलं, "काही शंका?"

पहिल्या रांगेतून मंगलताई उठल्या. त्या राजगुरुनगरकडच्या, फायनल इन्स्पेक्शनच्या लाइन लीडर. खराब पीस त्यांच्या हातून पुढे गेलेला कंपनीत कोणी पाहिलेला नाही.

"साहेब, समदं पटलं. पर तुमी सोताला काय लावलंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. म्हटलं, संपलं, आता सांगवी!

आणि डॉक्टरांनी मास्क काढला. दोनशे माणसांसमोर. म्हणाले, "माझे दात लहानपणापासून वाकडे आहेत. वर अलायनर लावलेत, खाली तारा. ठरवता येईना, म्हणून दोन्ही."

मंगलताई खिशातून पार्ट तपासायची बॅटरी काढत पुढे आल्या.

"आ करा."

डॉक्टरांनी केला. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. मग मागे वळून ओरडल्या, "आरं, ह्या माणसानं सोताच्या तोंडात ट्रायल लावलीय रं!"

टाळ्या! अशा टाळ्या मी कंपनीच्या बोनसला ऐकल्या नव्हत्या. कोणतीही नवी गोष्ट आली की ह्या लोकांना आधी दोन लाइनींवर शेजारी शेजारी चालवून बघायची सवय. सांगून त्यांना कधी पटत नाही, चालवून पटतं. नितीन वही घेऊन धावला. "सर, पुढचं रीडिंग कधी?"

डॉक्टर मास्क शोधत म्हणाले, "महिन्याने." त्यांना वाटलं, गंमत चाललीय.

बरोबर महिन्याने, पहिली शिफ्ट सुटल्यावर, खालून सलीमभाईंची हाक आली. "काकू! वरात आली!" बघते तर कंपनीची बस दारात उभी आणि माणसं जिना चढतायत. मंगलताई पुढे, नितीन वहीसकट मागे. मी घाईघाईने रजिस्टर उघडलं. "कोणाला दाखवायचंय?"

"आमाला न्हाई दाखवायचं," मंगलताई म्हणाल्या. "आमाला बघायचंय." आणि तशाच आत गेल्या.

मी बाकीच्यांना अशी सोडते होय? म्हटलं, आलाच आहात तर नावं लिहा, तुमचेही दात बघून घेऊ. कोणी स्वतःचं लिहिलं, कोणी पोराचं, एकाने बायकोचं लिहिलं आणि खोडलं आणि परत लिहिलं. रजिस्टर दिवाळी ओलांडून नाताळापर्यंत गेलं. ड्रॉवरमधली चिठ्ठी मी तिथेच फाडली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग आत डोकावले. पेशंटच्या खुर्चीवर डॉक्टर आडवे, मास्क नाही. मंगलताईंनी वरचा दिवा स्वतःच ओढून घेतलेला, एका हातात बॅटरी, एका हातात भिंग. नितीनच्या वहीत दोन रकाने, 'वर' आणि 'खाली'. दारात गर्दी. मागून एक जण ओरडला, "वरची लाइन पुढं हाय!" दुसरा म्हणाला, "गप ए, खालची जिंकणार!"

आणि डॉक्टर हसायला लागले. मोठ्याने, पोट धरून, अख्खी खुर्ची हलवत. तीन वर्षांत मी त्या माणसाला हसताना पाहिलं नव्हतं.

मंगलताईंनी भिंग बाजूला केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"डॉक्टर, हसू नका. रीडिंग हालतंय."