सर्दीवाल्याची मैफल

मी एका माणसाची आठवण चोरली. वस्तू चोरली असती तर परत नेऊन देता आली असती. ही परत करायला गेलो तेव्हा तिच्यात त्याचं किती आणि माझं किती, हेच मला सांगता येईना. अजूनही येत नाही.

१९९८ साली मी रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होतो. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही चौघं शहराबाहेरच्या एका आंब्याच्या बागेत, पॅकिंगच्या शेडमध्ये जमायचो. बाग आणि शेड आमच्यातल्या एकाची. त्याला आम्ही बागवालाच म्हणायचो. दुसरे शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर, तिसरा मी. चौथा माझा मित्र मूळचा दाभोळचा, मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला. नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने सुट्टीवर, रत्नागिरीत बहिणीकडे. रेगेचं वेड आम्हाला त्यानेच लावलं. जमैका बेटावरचं ते संगीत. आपण जिथे पाय आपटू तिथे त्याचा ठोका पडत नाही, दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत पडतो. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, टेप बिघडला.

तिकडच्या एका दुकानातून त्याने बुटाच्या खोक्यात भरून कॅसेटी आणल्या होत्या. परतताना बॅगेत तेलाची बाटली फुटली आणि कॅसेटींवरची नावं विरघळली. त्याला तीन-चार नावं आठवत, पण दरवेळी वेगवेगळी, म्हणून त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. मग गायकांची नावं आम्हीच ठेवली. घोगरा, भटजी, दमेकरी. आणि नेहमी नाक चोंदल्यासारखा गाणारा सर्दीवाला. त्यावरून भांडणंही व्हायची.

"तुमचा भटजी एकाच सुरात आरती म्हणतो, मास्तर," बागवाला म्हणायचा.

"आणि तुझ्या घोगऱ्याला आधी खडीसाखर दे."

माझा मित्र फक्त सर्दीवाल्याची बाजू घ्यायचा, तीही न बोलता. त्याची कॅसेट संपली की उठून पुन्हा लावायचा.

त्याचं कारण त्याने मला एकट्याला सांगितलं. शेडवरून चालत परतताना आमच्या पँटींचे काठ लाल झाले होते. ते झटकत तो म्हणाला, "तिकडची माती अशीच रे. बॉक्साइट भरायला बोट लागली होती, सगळं डेक लाल." त्याच बंदरात त्याला वडील गेल्याची तार मिळाली. घरी पोचणं शक्य नव्हतं. बोटीवरचा आचारी त्याला जबरदस्तीने बाहेर घेऊन गेला. एका शाळेच्या मैदानात गाणं चाललं होतं. घराएवढे स्पीकर रचलेले, आणि स्टेजवर प्रत्यक्ष सर्दीवाला. मध्येच लाइट गेली. लोक उठले नाहीत. सर्दीवाला स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला आणि माइकशिवाय गाऊ लागला. पुढे बसलेल्या एका म्हातारीने सोललेलं संत्रं त्याच्या हातात दिलं. त्याने एक फोड खाल्ली आणि बाकीच्या समोरच्या लोकांत वाटल्या. एक माझ्या मित्राच्या हातात आली.

"तेव्हा रडू फुटलं बघ. तार आल्यापासून आलंच नव्हतं," तो म्हणाला. "शेडमध्ये नको बोलूस हां. बागवाला टर उडवेल."

मी बोललो नाही. म्हणजे त्याचं म्हणून बोललो नाही.

तो पुन्हा बोटीवर गेला आणि पुढच्या एका रविवारी विषय निघाला, कुणी कुठलं गाणं समोर बसून ऐकलंय. मास्तरांनी पुण्यातली एक मैफल सांगितली. बागवाला म्हणाला, त्याच्या गावच्या जाखडी नाचापुढे सगळं फिकं, गणपतीत बघायला या. मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी काहीच ऐकलेलं नव्हतं. कचेरीच्या प्रशिक्षणासाठी एकदा पंधरा दिवस मुंबईत होतो, एवढंच. मी म्हणालो, "तिथे मी सर्दीवाल्याला ऐकलं."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लाइट गेली, संत्रं आलं, फोड माझ्या हातात आली. वडिलांचं सोडून सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बागवाल्याने टर उडवली नाही. त्यानंतर कुणी नवीन माणूस आला की बागवाला म्हणायचा, "सांग रे ते संत्र्याचं." मी सांगायचो. एकदा पिवळ्या टोपीतला एक म्हातारा ढोलवाला गोष्टीत येऊन बसला. तो मी घातला की मित्राने सांगितलेला मला आठवला, ते तेव्हाही कळलं नाही. पुढे पुढे तर फोडीचा गारवा मला तळहातावर जाणवायचा. मी खोटं बोलत होतो हे मला माहीत होतं. तरी जाणवायचा.

मित्र सुट्टीवर आला की मी आजारपणाच्या, पाहुण्यांच्या सबबी सांगून शेड टाळायचो. मी नसलो की संत्र्याची गोष्ट निघत नसे. अशी चार-पाच वर्षं गेली.

मग तो कायमचाच परत आला. इंजिनखोलीने त्याचे कान खाल्ले होते. "डोक्यात इंजिन चालूच असतं," म्हणायचा. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने मला घरून शेडवर ओढून नेलं. टेप आंब्याच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि पेटीवर तळहात टेकवून सर्दीवाला ऐकला. कॅसेट संपल्यावर स्वतःहून म्हणाला, "ऐका. अजून आठवतंय तोवर सांगून ठेवतो." आणि त्याने त्या शाळेच्या मैदानापासून सुरुवात केली.

लाइट गेली तिथपर्यंत सगळे ऐकत होते. संत्रं आलं आणि बागवाला मांडीवर थाप मारून हसला.

"अरे मेल्या, ही तर याची गोष्ट! बोटीवर बसून आमच्या गोष्टी पळवतोस काय?" हे त्याने मित्राच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. "आणि पिवळ्या टोपीतला ढोलवाला राहिला की!"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात एक कॅसेट होती. तिची सुटलेली फीत मी पेनाने गुंडाळत राहिलो.

"असेल," तो हसून म्हणाला. "याच्याकडूनच ऐकलं असेल. बोटीवर डोकं कुठे जागेवर राहतं!"

हे तो मला वाचवायला म्हणाला, की त्याला खरंच तसं वाटलं? मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती. पुढच्या महिन्यात तो दाभोळला राहायला गेला. तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला, हे इथे लिहायला हवं.

काही महिन्यांनी मासळीबाजारात त्याची बहीण भेटली. "भाऊ, तो हल्ली काहीतरीच विचारतो हो. बाबा गेले तेव्हा मी नक्की कुठे होतो, म्हणतो. तार कुठल्या बंदरात आली, म्हणतो. तुम्हाला काही बोलला होता का?"

हातातली पिशवी घरी ठेवून मी दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो आणि लाँचने खाडी ओलांडून दाभोळला पोचलो. तो अंगणात सुकत घातलेल्या जवळ्यावरून कावळे हाकत बसला होता. वाटेत मी हळू आवाजात बोलायची वाक्यं ठरवली होती. ती बोललो.

"काय?" तो म्हणाला.

पुन्हा बोललो.

"मोठ्याने रे!"

शेवटी मी ओरडलो, "ती मैफल तुझी! मी तिथे नव्हतो!" शेजारची बाई धुणं वाळत घालता घालता थांबली.

त्याने कावळा हाकला. मग म्हणाला, "आणि तो पिवळ्या टोपीवाला? तो तुझा की माझा?"

"नाही सांगता येत."

"मला तर दिसतो तो," तो म्हणाला. आता त्याचाही गोंधळ उडालेला दिसला, आणि तोही मीच केलेला. मग म्हणाला, "त्या दोघांना सांग. त्यांचे कान शाबूत आहेत, ओरडायला नको."

पुढच्या रविवारी तो शेडवर आला. चौघंही पेट्यांवर बसलो. कॅसेट कुणी लावली नाही. त्याचा तळहात सवयीने पेटीवर टेकलेला होता. सांगायचं त्या दोघांना होतं, पण मी त्याच्याकडे तोंड करून, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "सर्दीवाल्याला मी कधीच समोर बसून ऐकलं नाही. मुंबईत नाही, कुठेच नाही. ते सगळं याने मला सांगितलं होतं आणि मी माझं म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही याला हसलात तेव्हा मी फीत गुंडाळत बसलो. पिवळी टोपी बहुधा माझी, खात्री नाही. पण तुझे वडील गेले तेव्हा तू त्या मैदानात होतास. संत्र्याची फोड तुझ्या हातात होती. माझं चुकलं. मला माफ कर."