भिंती बघणाऱ्या ड्रॉइंगबाई

ड्रॉइंगबाई भिंत बघायला निघाल्या की मुलगी बघायला निघाल्यासारख्या निघायच्या. साडी बरी, केस चापून बसवलेले, हातात पिशवी. भिंत आधी लांबून बघायची, मग जवळ जाऊन तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि शेवटी नखाने जरासं खरवडायचं. "दिसायला बरी आहे, पण अंगात ओल आहे," असं म्हणून त्या पुढे चालू लागायच्या. मालक शेजारी उभा असला तर त्याला अपमान वाटायचा. साताऱ्याच्या सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी असा नकार मिळाल्यावर भिंतीला डिस्टेंपर मारून घेतला आणि बाईंना पुन्हा बोलावलं. बाई गेल्या, हात फिरवला, तळहाताला लागलेली पांढरी भुकटी त्यांना दाखवली आणि म्हणाल्या, "आता तर नकोच. पावडर लावून बसवलीय."

आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी कार्यालयात हेडक्लार्क. आमच्याकडचे शिक्षक निवृत्त झाले की तीनपैकी एक गोष्ट धरतात: अध्यात्म, मुलाकडे पुणे, किंवा गुडघे. बाईंनी यातलं काही धरलं नाही. यजमान वारल्यापासून त्या साताऱ्यात एकट्याच होत्या, मूलबाळ नव्हतं. माहेर तासगावचं. तिथे थोरला भाऊ होता, द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड सांभाळणारा. त्याला सगळे दादा म्हणत. बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ते का, हे पुढे सांगते. निवृत्तीनंतर बाई काय करतात हे मात्र मला बरेच दिवस माहीत नव्हतं. ते मला मेथी घेताना कळलं.

मंडईच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींना मी विचारलं, "मेथी कशी दिली?" मावशी बोलल्या नाहीत. मला घाई होती. दुकानं बंद व्हायच्या आत पिठाची गिरणी, मग गॅसचं कार्ड, मग शिंपी. मी जरा आवाज चढवून पुन्हा विचारलं. तेव्हा शेजारचा कांदेवाला म्हणाला, "ताई, त्या कागदाच्या हायत. खऱ्या मावशी च्या प्यायला गेल्यात. मेथी माज्याकडनं घ्या, त्यांनीच ठेवलीय." मी वाकून बघितलं. खाकी कागदावर काळ्या शाईने काढलेली, माणसाच्या मापाची बाई भिंतीला चिकटवली होती. मांडी घालून बसलेली, पुढ्यात पाटी. कान चांगले मोठे.

कानांवरून मी ओळखलं. बाईंच्या चित्रातल्या सगळ्या माणसांचे कान मोठे असायचे. शाळेत मुलांनी विचारलं की त्या सांगायच्या, "माणूस दुसऱ्याचं ऐकून घेतो असं दिसायला पाहिजे. खरं नसलं तरी."

एकदा एक दिसल्यावर मग सगळीकडे दिसायला लागली. राजवाड्याजवळ रिक्षात झोपलेला रिक्षावाला, तोही भिंतीवर. शाळेच्या वाटेवर एक इस्त्रीवाला. त्याच्यासमोर कुणीतरी कपड्यांचं गाठोडं ठेवून गेलं होतं. संध्याकाळी गाठोड्याचा मालक कागदाशी भांडताना मी ऐकला, "सकाळपास्नं पडलंय की रं हितं! हात तरी लावायचास!" पोवई नाक्याजवळ एक कागदी हवालदार होता. त्याला बघून पोरं गाडी थांबवून हेल्मेट घालायची. खरा हवालदार थोडा लांब झाडाखाली उभा राहायला लागला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "त्येचा वट माज्यापेक्षा जास्त हाय, बाई. मी मधी गेलो की गडबड हुती."

मी सरळ बाईंच्या घरी गेले. त्या गॅसवर पातेलं ठेवून ढवळत होत्या. पांढरं, घट्टसर, वाफ येत असलेलं. लापशी असेल म्हणून त्यांनी वाटी पुढे करायची वाट न बघता मी चमचाभर तोंडात टाकली.

"कशी झालीय?" बाईंनी विचारलं.

"जरा मीठ हवं होतं."

"खळीत मीठ घालत नाहीत, मंगल. कागद ओल धरतो."

गव्हाच्या पिठाची खळ होती ती, पोस्टर चिकटवायची. बाईंनी मला पाणी दिलं आणि पुढे दहा मिनिटं खळीवर व्याख्यान दिलं. गाठी चालत नाहीत, पिठल्यासारखी पळीवरून पडली पाहिजे, कागदाच्या आधी भिंतीला पाजायची. मी विचारलं, हे सगळं कशासाठी? त्या म्हणाल्या, "ज्यांचे फोटोबिटो कुणी लावत नाही त्यांना लावते. आपल्याकडे चौकाचौकात माणसांची तोंडं आहेत. पण रोज ज्यांची गाठ पडते त्यातलं एक तरी आहे का वर?"

हिशेब चोख होता. एक गोष्ट तेवढी बाईंच्या लक्षात आली नव्हती. त्या फक्त काळ्या शाईत काढायच्या. आणि आमच्या भागात काळ्या-पांढऱ्या चेहऱ्याचा अर्थ एकच होतो.

रशीदभाई सायकलवाल्यांचं चित्र त्यांच्याच दुकानाशेजारी लागलं, शुक्रवारी सकाळी. रशीदभाई दुपारी नमाजाला गेले. तेवढ्या वेळात जाणाऱ्या-येणाऱ्यांनी चित्र बघितलं, चपला काढल्या, हात जोडले. कुणीतरी झेंडूचा हारही आणून घातला. कुणी उंब्रजला त्यांच्या सासुरवाडीला फोन केला. रशीदभाई परत आले तर दुकानासमोर गर्दी आणि गर्दीत त्यांचा स्वतःचा मेव्हणा डोळे पुसत उभा. रशीदभाई हार हातात घेऊन तडक बाईंच्या दारात आले.

"आवं बाई, मी हाय की अजून!"

"आहात की. म्हणून तर काढलं."

"लोकं मला बघून दचकत्यात! पंक्चर काढाय लागलो तर एक जण म्हनला, ऱ्हाऊ द्या, तुमी आराम करा."

बाईंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्या रंगाचा डबा घेऊन गेल्या आणि चित्रातल्या टोपीला हिरवा रंग देऊन आल्या. काळं-पांढरं म्हणजे मयत, तर रंगीत म्हणजे जिवंत, असा साधा विचार. पण रंगीत चेहऱ्याचाही आमच्याकडे एकच अर्थ होतो. संध्याकाळी गल्लीतली मित्रमंडळाची पोरं केक आणि स्पीकर घेऊन हजर. रशीदभाईंचा वाढदिवस त्यांना स्वतःलाही माहीत नव्हता, तरी त्यांनी केक कापला. दुसऱ्या दिवशी तोंडाला क्रीमचा वास घेऊन ते पुन्हा बाईंकडे आले. "बाई, परवाच्यापेक्षा हे बरं. असंच ऱ्हाऊ दे."

मग बाईंचं नाव झालं. एक इच्छुक उमेदवार जीपमधून आले. ते म्हणाले, "बाई, आमचं बी एक हून जाऊ दे. पायापास्नं." बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "तुम्ही आहात की सगळीकडे. माझा कागद वाया कशाला घालवू?" ते गेल्यावर बाई कपबशा विसळायला लागल्या. विसळता विसळता त्यांनी मला दादांची गोष्ट सांगितली.

दादांच्या मुलाचं लग्न होतं तेव्हा तासगावात हॉलच्या दारात प्रचंड फ्लेक्स लागला होता. त्यावर नवरा-नवरी, चुलते, मामा, गावचे पुढारी, कारखान्याच्या संचालकाचा मेव्हणा, एवढंच काय, मांडववाल्याचाही फोटो. सख्ख्या आत्याचा नव्हता. बाईंनी दारातूनच सगळे फोटो एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर बघितले आणि आहेर वहिनीच्या हातात देऊन स्टँडवर परत आल्या. अक्षता पडायच्या आधी. दादांना वाटलं, भर मांडवात बहिणीने आपल्याला खाली बघायला लावलं. त्यांनी बाईंचा नंबरच मोबाईलमधून काढून टाकला. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"फोटोचं एवढं काय, बाई?" मी म्हटलं.

"फोटोचं नाही गं. त्याने मोजताना मला धरलं नाही."

नंतर थोड्याच दिवसांनी मला शाळेच्या कामासाठी सांगलीला जायचं होतं. बाई म्हणाल्या, मी पण येते. त्यांच्याकडे कागदाची एक लांब गुंडाळी आणि खळीची किटली होती. सांगली स्टँडसमोर त्यांनी एक बंद गाळा हेरून ठेवला होता, मालकाला विचारूनही झालं होतं. भिंतीवरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "ही घरंदाज आहे." मग गुंडाळी उलगडली. त्या स्वतःच होत्या. उभ्या, पिशवी हातात, रस्त्याच्या पलीकडे बघणाऱ्या. पलीकडे तासगावची गाडी लागते.

मी घाबरले. "बाई, काळी-पांढरी? तासगावचे लोक काय समजतील?"

"दादा बघेल की नाही, एवढंच मला बघायचंय. समजायचं ते समजू दे."

मी धरून ठेवलं आणि त्यांनी चिकटवलं. दुपारच्या गाडीने आम्ही साताऱ्याला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे होते. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांचा हंबरडा. "माजे ताई गंऽऽ!" दोन जीप भरून माणसं उतरत होती. पुढे टोपी हातात घेतलेले दादा, बगलेत कागदात गुंडाळलेलं इरकली लुगडं. मयत बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं घालायचं असतं, ते. तासगावच्या एका व्यापाऱ्याने स्टँडवर चित्र बघून त्यांना सांगितलं होतं. नंबर काढून टाकलेला, त्यामुळे खरं-खोटं करायला फोनही करता आला नव्हता.

बाई स्वयंपाकघरातून पळी घेऊन दारात आल्या. सगळे जागच्या जागी थांबले. वहिनी डोळे मिटून रडत होत्या, त्यामुळे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं.

दादा पळीकडे बघत राहिले. "ह्ये काय गं?"

"खळ."

"तू... हाईस व्हय?"

"हाय की."

"मग सांगलीत भिताडावर कशाला लागलीस?"

"तुज्या फ्लेक्सवर जागा न्हवती म्हणून."

साताऱ्यात इतकी वर्षं शुद्ध बोलणाऱ्या बाई एका क्षणात तासगावच्या झाल्या. दादांनी टोपी घातली, पुन्हा काढली.

पाहुण्यांपुढे वेगळाच पेच होता. मी चहाचं आधण ठेवलं तर त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे तात्या म्हणाले, "मयताला आलोय. हितलं पानी सुदिक चालत न्हाई."

"तात्या, मयत झालंच न्हाई की!"

"आपन निगालो तवा झालं हुतं."

यावर बराच खल झाला. शेवटी सगळ्यांनी नळावर पाय धुवावेत आणि मग चहा घ्यावा, असं ठरलं. मग प्रश्न लुगड्याचा. तात्यांचं म्हणणं, मयताचं लुगडं जित्त्या माणसाला देत नाहीत. ते माघारी न्यावं. वहिनी म्हणाल्या, दुकानदार कशाला घेतोय माघारी, कशासाठी पायजे ते सांगूनच घेतलंय.

बाई पुढे आल्या. "दादा, ह्ये कुणासाठी घेतलंस?"

"कुणासाठी म्हंजे? तुज्यासाठी."

"दुकानात माजं नाव घेतलंस?"

"घेतलं की! रडतच घेतलं." दादांनी लुगड्याचा कागद सोडला. "म्हनलं, भनीसाठी पायजे, चांगलं दावा."

"मग आण हिकडं."

बाई आत गेल्या आणि लुगडं नेसून बाहेर आल्या. तात्यांनी तोंड फिरवलं. वहिनी पुन्हा रडल्या, पण या वेळी डोळे उघडे ठेवून. त्याच दुपारी बाई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून तासगावला गेल्या. चार दिवसांसाठी गेल्या त्या तिथेच राहिल्या. साताऱ्याचं घर आवरायला पुढे मीच गेले. त्यांनी फोनवर सांगायचं आणि मी खोकी भरायची, असं ते काम झालं.

त्यानंतर महिन्याभराने मी पुन्हा सांगलीला गेले. स्टँडसमोर बाईंचं चित्र जसंच्या तसं होतं. फक्त एका कानाचा कोपरा खरवडला होता. चित्राशेजारी दादा उभे होते, घामाघूम. कुणी तासगावचं दिसलं, चित्रापुढे थांबलं, हात जोडायला लागलं की ते धावायचे. रस्त्याच्या अलीकडे, रसवंतीच्या बाकावर, बाई तेच इरकली नेसून भडंग खात बसल्या होत्या.

मी शेजारी जाऊन बसले. "हे काय चाललंय?"

"घरी समाचाराला माणसं यायची थांबेनात. म्हणून दादा बाजारचं काम झालं की इथे येऊन उभा राहतो. खुरप्याने काढायला बघितलं त्याने, निघेना. कागद निघेपर्यंत येणार म्हणतो."

"तुमची खळ. निघणार कसा?"

बाई माझ्या कानाशी झुकल्या. "कढत पाणी मारलं की लगेच सुटतो."

"मग सांगा की त्यांना!"

बाईंनी माझ्या ओंजळीत भडंग घातलं आणि बोटाने गप्प बसायची खूण केली. पलीकडे दादांनी एका म्हातारीला गाठलं होतं. तिला ऐकू कमी येत असावं, कारण सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ते ओरडत होते, "आवं आजी, जित्ती हाय! माजी सख्खी भन हाय! ती बगा, तितं बसलीय!"

बाईंनी पदर सारखा केला आणि तिकडे हात केला.