डबी सोडण्याचा संकल्प

गेली कित्येक वर्षं डिसेंबर संपत आला की मी नवी डायरी उघडून संकल्प लिहायचो. अकरा-बारा तरी असायचेच. पहाटे पाचला उठणे, डहाणूच्या किनाऱ्यावर रोज पाच किलोमीटर चालणे, साखर बंद, गुजराती वाचायला शिकणे, आणि सगळ्यांत वर, खाली दोन रेघा ओढून, तंबाखू बंद. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत यातलं एकही शिल्लक नसायचं. त्या डायऱ्या आज चाळल्या तर स्वतःच्या त्या सुबक अक्षराचीच मला किळस येते.

मी तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षक आहे. घर डहाणूला, बायको रेल्वेत तिकीट खिडकीवर. एकवीस वर्षं तंबाखू खातोय. शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी आहे, ती मीच रंगवली आणि रंगवताना माझ्या गालात बार भरलेला होता. वर्गातल्या कपाटामागे मी थुंकायला एक प्लास्टिकची बाटली ठेवायचो. आत तपकिरी, दाट पाणी आणि वर फेस. पोरांना सगळं ठाऊक होतं. एकदा एका मुलीची पेन्सिल घरंगळत त्या बाटलीपाशी गेली. तिने पाहिलं आणि पेन्सिल तशीच सोडून दिली. मी फळ्याकडे तोंड केलं.

दोन वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला मी जरा जास्तच मोठा बार उडवला. व्हॉट्सॲपच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर केलं, 'आजपासून तंबाखू कायमची बंद.' धडाधड अंगठे आले, फुलं आली. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर भाषण केलं, बाटली फेकली आणि तंबाखू-चुन्याची डबी शाळेमागच्या खड्ड्यात भिरकावली. त्या खड्ड्यात मध्यान्ह भोजनाचं खरकटं पडतं. दोघं सहकारी टाळ्या वाजवत होते, आणि मला त्या टाळ्या गोड लागल्या.

चौथ्या दिवशी डोकं फुटायला आलं. पाढे चुकले म्हणून अख्ख्या वर्गावर ओरडलो. मुलं जेवायला बसली तसा मी शाळेमागे गेलो. हायवेवरच्या टपरीपर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं लागली असती, तेवढा धीर नव्हता. खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकले आणि हात आत घातला. आंबलेली डाळ, कोबीची काळी पडलेली पानं, भाताचा चिकट लगदा. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. डबी सापडली. झाकणाच्या फटीतून पाणी शिरलेलं होतं. मी ती उघडली, ओली तंबाखू तळहातावर घेतली, मळलीसुद्धा नाही आणि गालात कोंबली. आधी जिभेवर आंबट डाळ आली, मग तंबाखू. बरं वाटलं. हेच सांगायला सगळ्यांत घाण वाटतं, की बरं वाटलं.

"गुरुजी, काय हरवलं का?"

मागे आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी उभ्या होत्या, हातात खरकट्याची बादली. मी डबी खिशात सारली, मनगटावरचं घड्याळ बाहीखाली ढकललं आणि गाल न हलवता म्हणालो, "घड्याळ."

मावशींनी बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरल्या.

"राहू द्या मावशी," मी पुटपुटलो. तोंड उघडायची सोय नव्हती.

"असं कसं राहू द्या? घड्याळ ते घड्याळ," त्या म्हणाल्या. कोपरापर्यंत हात घालून चाचपायला लागल्या. मूठ-मूठ लगदा उचलून कडेला ठेवत होत्या, बोटांनी चिवडून पाहत होत्या. अळ्या त्यांच्या मनगटावर चढत होत्या, त्या झटकून पुन्हा हात घालत होत्या. मी शेजारी उभा. रस गिळत होतो, कारण थुंकलो असतो तर कळलं असतं. पंधरा मिनिटं तरी हे चाललं. शेवटी मी कडेच्या गवतात वाकल्यासारखं केलं आणि घड्याळ काढून दाखवलं.

"सापडलं!" त्या इतक्या मनापासून हसल्या, की मी तिथून जवळजवळ पळालो आणि संडासामागे जाऊन ओकलो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. खड्ड्याचं ऐकताना तिने नाक मुरडलं, पण मावशींचं आलं तशी ती हातातली भाजी निवडायची थांबली.

"त्यांना खरं सांगितलंत?"

"नाही."

"चार दिवसही टिकत नाही तुमचं काही, आणि वर पाच किलोमीटर चालायला निघालात! ते सगळं राहू द्या. हे एक करा. होण्यासारखं आहे."

होण्यासारखं होतं, तरी मला नऊ दिवस लागले. रोज स्वयंपाकाच्या शेडपर्यंत जायचो आणि मीठ बरोबर आहे का, असं काहीतरी विचारून परत यायचो. दहाव्या दिवशी मावशी भांडी घासत होत्या, तेव्हा एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी राखेचा हात थांबवला नाही. "मला वास आलेला, गुरुजी."

"मग शोधत का बसलात?"

"तुम्ही घड्याळ म्हणालात. पोरांचा गुरुजी खोटं बोलतो, असं मी कशी म्हणू? म्हटलं, घड्याळही पडलं असेल." मग भांडं पालथं घालत म्हणाल्या, "पोरांसमोर नका खाऊ. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तेवढंच मी धरलं. शाळेची पहिली घंटा ते शेवटची घंटा, तंबाखू नाही. डायरीत लिहिलं नाही, ग्रुपवर टाकलं नाही. पहिले दोन महिने फळ्यावर लिहिताना खडू मोडायचे. तीनदा नियम मोडला, तोही शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन. गेल्या जूनपासून एकदाही नाही.

तंबाखू सुटलेली नाही. शाळा सुटली की फाटकाबाहेर पडतो, पहिल्या वळणावर गाडी उभी करतो आणि मळतो. हायवेवर ट्रक धडधडत असतात. समोरून मावशी डोक्यावर लाकडं घेऊन घरी जात असल्या, तर त्या दुसरीकडे बघतात आणि मीही. मग थुंकतो, आणि थुंकलेलं पाहून अंगावर काटा येतो.