येसरासारखी काळी

आई आमटीत घालायच्या येसराच्या पिठासाठी गहू-डाळी भाजायला बसली, की त्या खमंग वासानं मला माझ्या बजाजनगरच्या भाड्याच्या खोलीतला एक रविवार आठवतो. मी काळ्या बिअरची बाटली आणली होती. वडिलांच्या बाटल्या आयुष्यभर मोरीत ओतणाऱ्या आईनं, ते गेल्यावर पहिल्यांदाच विचारलं, “असं काय असतंय रं त्यात?” मी वाटीत थोडी ओतली. तिनं वास घेतला, मग आमटीचं मीठ बघावं तसा एक थेंब तळहातावर घेऊन चाटला. “करपल्या येसराची आमटीच की ही!” मग वाटीत बघत म्हणाली, “एवढंच पाहिजे व्हतं व्हय त्यांना? मीच केली असती की.” आणि तिनं वाटी पुन्हा पुढं केली. तेव्हापासून आमच्या घरचं येसर जरा काळंच असतं.