झाकलेली की उघडी

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झटक्यात निर्णय घेणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी आमच्या व्याह्यांकडे बोट दाखवीन. आणि एकाच गोष्टीवर अडीच वर्षं अडून बसलेला माणूस कोण असं विचारलं, तर बोट हलवायचीसुद्धा गरज नाही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं दिंडोरी रोडला मोटारसायकलींचं गॅरेज चालवलं, लिहायची सवय नाही. वाक्यं वाकडीतिकडी झाली तर होऊ द्या, पण इवायांबद्दल सांगतो त्यात एक वायसर इकडचा तिकडे केलेला नाही.

इवाई पिंपळगाव बसवंतला कांद्याचे व्यापारी. लिलावात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला की बाकीचे व्यापारी वरचा कांदा उचलून फिरवून बघतात, सोलून बघतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हे बाही सरकवून कोपरापर्यंत हात ढिगात खुपसायचे, तळाचे दोन-चार कांदे चाचपायचे, बोली बोलायचे आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे निघून जायचे. सगळा खेळ पाऊण मिनिटाचा. वरचा कांदा शेतकरी दाखवायला ठेवतो, खालचा कांदा खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यही त्यांनी असंच उरकलं. दाढ दुखली, डॉक्टर म्हणाला वाचवून बघू, हे म्हणाले काढा. घर घेतलं ते चहा निवायच्या आत. माझ्या मुलीला बघायला आले तो दिवस तर मी विसरणार नाही. मुलगी माझ्याबरोबर गॅरेजमध्ये वाढलेली. पाहुणे येणार म्हणून साडी नेसली खरी, पण तासाभरापूर्वी कुणाचं तरी कार्बोरेटर खोललं होतं आणि नखं काळी ती काळीच. मी तिला डोळ्यांनी आत जा म्हणून खुणावतोय तोवर इवाई म्हणाले, "राहू द्या. आमचं ठरलं." विहीणबाईंच्या तोंडात पोह्यांचा पहिला घास होता. त्यांनी तो गिळला आणि मग नवऱ्याकडे जे बघितलं, ते बघणं पंधरा वर्षं झाली तरी सुरूच आहे.

असा माणूस बासष्टाव्या वर्षी धंदा मुलाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, हातात देऊन दुकानाच्या ओट्यावर बसला. दुकान आग्रा रोडला लागून. रविवारी सकाळी मुंबई-पुण्याकडची मंडळी मोठमोठ्या मोटारसायकली घेऊन तिथून जातात, दहा-दहा, पंधरा-पंधरा एका ओळीत. इवायांनी तीस वर्षं शंभर सीसीची एकच गाडी वापरली होती, हँडलला कांद्याच्या नमुन्याची पिशवी लटकवून. ओट्यावरून रविवारचा तो गडगडाट ऐकून त्यांच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. एका शनिवारी गॅरेजवर आले आणि म्हणाले, "इवाई, साडेसहाशे सीसी घ्यायचीय. दोन सिलिंडरची."

मी म्हटलं घ्या. त्यात विचारायचं काय?

विचारायचं होतं ते असं. एकाच कंपनीची, एकाच इंजिनाची गाडी दोन रूपांत येते. एकीला दिव्यापासून पोटापर्यंत प्लॅस्टिकचं चिलखत. शोरूमवाले त्याला फेअरिंग म्हणतात. हँडल खाली, माणूस पुढे वाकून बसतो, वारा डोक्यावरून निघून जातो. दुसरीला काही नाही. इंजिन, पाइप, नळ्या सगळं उघड्यावर, हँडल वर, माणूस ताठ, आणि वारा सरळ छातीवर. मी पहिल्या दिवशी पानावर चुना लावता लावता सांगितलं, उघडी घ्या. कंबर सरळ राहील, गावात गुडघ्यांवर वाफा येणार नाहीत, आणि बिघाड झाला तर आधी दहा कव्हरं सोडवत बसावं लागणार नाही. माझा शब्द एकदा गेला की गेला; अडीच वर्षांत मी तो बदललेला नाही. इवाई मात्र म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण झाकलेली दिसते बघा कशी." आणि तिथून ती सगळी भानगड सुरू झाली.

यात एक गोष्ट होती. ती घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नव्हतं. इवायांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की समोरचं दिसत राहील, दोन्ही बाजूंचं हळूहळू आत येत जाईल. थेंबांनी त्याचा वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. गाडी चालवायला दोन वर्षं, फार तर तीन. म्हणजे इवाई निवड करत होते ती मुदतीवर. आणि त्यातला एकेक शनिवार ते माझ्या स्टुलावर बसून घालवत होते.

डोळ्यांच्या तपासणीचीही त्यांनी एक गंमत करून ठेवली. तिथे एका गोल भांड्यात तोंड घालून बसायचं, आत कुठेतरी ठिपका चमकतो, दिसला की बटण दाबायचं. निकाल आला तेव्हा डॉक्टर घाबरले. कागदावर हा माणूस जवळजवळ आंधळा. माझी मुलगी बरोबर गेली होती. तिने खोदून विचारलं तेव्हा कळलं की पुसट ठिपके दिसत होते, पण इवाई बटण दाबत नव्हते. खात्री नसताना बोली कशी लावायची, हा त्यांचा सवाल. मुलगी म्हणाली, "मामा, हा लिलाव नाय. दाबा." सासऱ्याला ती मामा म्हणते. परत तपासणी झाली. या वेळी त्यांनी इतकं बटण दाबलं की मशीनने तक्रार केली.

आता झाकलेली की उघडी यावर या माणसाने काय काय केलं ते ऐका. घरी पडवीत कांद्याच्या गोण्या एकावर एक रचून त्यांना जुन्या सायकलचं हँडल बांधलं. सोमवारी हँडल खाली, म्हणजे झाकलेली. मंगळवारी वर, म्हणजे उघडी. सकाळी अर्धा तास त्यावर बसायचं आणि कंबर काय म्हणते ते ऐकायचं. भेटायला आलेल्या माणसाशी झाकलेलीच्या दिवशी वाकूनच बोलायचे. गावात दोघा-तिघांनी समजून घेतलं की इवाई फारच नम्र झाले. विहीणबाई तिथून सूप घेऊन जाताना म्हणायच्या, "घोडं दमलं असंल, पाणी पाजा त्याला." मग वाऱ्याचा प्रश्न आला. त्यासाठी कांद्याची पिकअप काढायला लावली, चांदवडच्या बाजूला ऐंशीच्या वेगाने पळवायला लावली आणि स्वतः मागे हौद्यात, जाताना केबिनच्या आडोशाला वाकून, येताना केबिनच्या वर डोकं काढून उभे. टोपी टोलनाक्याच्या अलीकडे गेली ती गेली. शनिवारी मला म्हणाले, वाकलं की आवाज आहे, ताठ राहिलं की मार आहे. ह्यातलं काय बरं, ते काही ठरलं नाही.

शोरूममध्ये तर त्यांनी कहर केला. दोन्ही गाड्या इतक्या वेळा चालवून बघितल्या की मॅनेजर त्यांना बघून चावीचा खण बंद करायचा. एकदा झाकलेली समोर उभी असताना यांनी बाही सरकवली आणि फेअरिंगच्या फटीतून हात आत घातला. अर्थात अडकला. मॅनेजरचं तोंड पांढरं पडलं. मला फोन आला. मी जाऊन चार स्क्रू सोडवले तेव्हा हात सुटला. हात चोळत इवाई म्हणाले, "आता खोललंच आहे तर सगळं काढा, खाली काय आहे ते बघू." मॅनेजरने हात जोडले. माझी चाळीस वर्षांची पत त्या शोरूममध्ये त्या दिवशी स्टँडवर लागली.

मुहूर्त येत होते, जात होते. दसऱ्याला घेऊ, दसरा गेला. पाडव्याला घेऊ, पाडवा गेला. तिसऱ्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये झेंडूचे हार आले होते, मी पान्ह्यांची पूजा मांडत होतो आणि इवाई नेहमीच्या स्टुलावर. बोलता बोलता मी त्यांच्या डाव्या बाजूने चहाचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. त्यांना तो दिसलाच नव्हता. मी पेला फिरवून समोर आणला, तेव्हा हात आला. मला संताप आला. संताप असा की कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावरच काढला. म्हटलं, आयुष्यभर पाऊण मिनिटात माल घेतलात, आणि इथे दोन वर्षं हातातून घालवली. उद्या घ्यायची नसेल तर माझ्याकडे हा विषय पुन्हा काढू नका.

इवायांनी चहा संपवला. पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "इवाई, निवडली की चालवावी लागंल. चालवली की मंग ती संपायला लागंल. अजून निवडली नाय, म्हणून अजून दोन्ही माझ्याच हायेत."

मी पान्हे पुसत राहिलो.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. शंभर सीसीचीसुद्धा. ही गोष्ट सांगायला इवाई शनिवारची वाट न बघता गुरुवारीच आले. मुलीने चारचाकीतून आणलं. स्टुलावर बसले, गॅरेजमधल्या गाड्यांवरून मान सावकाश फिरवत राहिले. आता एखादी गोष्ट बघायची तर पूर्ण मान फिरवावी लागते. मी एका मडगार्डचा डाग घासत होतो, जो डाग नव्हताच.

बोलली ती मुलगी. कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता. "मामा, गाडी मी चालवते, तुम्ही मागं बसा. झाकलेली का उघडी तेवढं सांगा. मला पाचच्या आत घरी पोचायचंय."

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, ते लपवत नाही. सून पुढे आणि सासरा तिच्या मागे बसून आग्रा रोडने चाललाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि पिंपळगावातले सगळे ओटेही आले. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मुलीने विहीणबाईंना फोन लावून विचारलंसुद्धा. विहीणबाईंचं उत्तर आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं: बसू दे त्यांना, मागं बसून तरी गप बसतील. मी तोंड मिटलं.

इवायांनी मान वळवून सुनेकडे बघितलं, आधी चेहऱ्याकडे, मग पायांकडे. विचारलं, "दोन्ही पाय पुरे कशावर टेकतात तुझे?"

"उघडीवर. बसून बघितलीय मी."

"मंग उघडी."

मोजून तीन सेकंद लागले असतील. मी म्हटलं, मी अडीच वर्षं हेच सांगत होतो. इवाई म्हणाले, तुमची कारणं वेगळी होती. हे मला अजून लागतं, पण खोटं नाही. माझ्या सगळ्या कारणांत गाडीवर एकच माणूस होता.

गाडी आली. काळी, कुठे काही झाकलेलं नाही. मुलगी दर पंधरा दिवसांनी रविवारी त्यांना घेऊन निघते, वणीपर्यंत जातात, कधी नुसतेच कादवा नदीच्या पुलापर्यंत. ओट्यांवर बोलणं झालंच. एकाने मलाही टोमणा मारला की काय हो, तुमचे इवाई सुनेच्या आधाराने चालले. मी त्याला सांगितलं की सगळेच कुणाच्या तरी आधाराने चालतात, आमचे जरा जोरात चालतात. त्याच्या गाडीला मी त्या दिवसापासून हात लावलेला नाही.

परतताना ती दोघं माझ्याकडे थांबतात. मुलगी हेल्मेट काढून आत चहा टाकायला जाते. इवाई गाडीवरून उतरत नाहीत. मागच्या सीटवरच बसून राहतात, डोळे मिटून, हात मांडीवर. पहिल्यांदा मला वाटलं चक्कर आली की काय. जवळ गेलो तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं. इंजिन बंद केलं की गरम लोखंड निवताना बारीक आवाज करतं, टिक, टिक. आधी भराभर, मग सावकाश, मग बऱ्याच वेळाने एखादा. हा आवाज मी आयुष्यभर रोज ऐकला असेन, पण थांबून ऐकला नव्हता. पुढचं गिऱ्हाईक उभं असायचं. आता मी स्टूल ओढून गाडीच्या बाजूला बसतो. चहा येतो, तोही तसाच बाजूला राहतो.

अलीकडे शेवटचे एक-दोन टिक मला ऐकू येत नाहीत. मी मुलीला सांगितलेलं नाही. झालं वाटून मी उठायला लागतो, तेव्हा इवाई डोळे न उघडता माझ्या मनगटावर हात ठेवतात, आणि मी परत खाली बसतो.