गाडी कडक करायची म्हणजे

दादा गेल्यावर त्याच्या गाडीचं काय करायचं, हे घरात कोणी मोठ्याने विचारलं नाही. ती जुनी, छोटी हॅचबॅक नायगावला चाळीच्या मागे उभी असायची. सुट्टीच्या दिवशी दादा आणि वहिनी तिच्यातून ऑटोक्रॉसला जायचे. मातीच्या मैदानात शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून एकेका गाडीने वेळेविरुद्ध धावायचं. दोघंही आळीपाळीने चालवायचे; वहिनी सीट न हलवता पाठीमागे उशी घ्यायची. मी पुस्तक घेऊन सोबत जायचो आणि धूळ खाऊन परत यायचो.

शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये दादा मला म्हणाला होता, "सस्पेन्शनचं काम राहिलंय. हिच्यासाठी कडक करून घे. स्टिअरिंगपण कडक." त्यानंतर गाडीचा विषय निघाला नाही.

पावसाळा सरल्यावर वहिनीने एका स्पर्धेत नाव दिलं, तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं. मला वाचायची सवय, म्हणून वाचलं. ताठ स्प्रिंगा घातल्या की वळणावर गाडी कमी कलते. स्टिअरिंगचं चाक लहान घेतलं की ते जड जातं, पण जमीन हाताला कळते, असंही कुठेतरी सापडलं. माझं समाधान झालं. लालबागच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींना मी तसं सांगितलं.

"मातीवर इतक्या ताठ?" त्यांनी विचारलं.

"दादाची इच्छा होती."

मिस्त्री कामाला लागले.

सरावाच्या दिवशी वहिनीने जेमतेम दोन फेऱ्या मारल्या. प्रत्येक खड्ड्यावर गाडी उडत होती, चाकं जमीन सोडत होती, आणि जिथे वळायचं तिथे ती सरळच जात होती. शेवटच्या अरुंद वळणावर स्टिअरिंग फिरवताना वहिनीला दोन्ही हातांचा सगळा जोर लावावा लागला. ती मनगट दाबत खाली उतरली.

"त्यांची गाडी मला झेपत नाही, भाऊजी. ज्याला झेपेल त्याला देऊन टाका."

दादाचं शेवटचं सांगणं पाळलं, तर गाडी वहिनीच्या हातून जात होती. मोडायचं, तर ते कोणाला विचारून मोडणार? दादाच्या मागे त्याच्याशी वाद घालण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलो. वहिनीला गाडीतलं आपलं हेल्मेट काढून घ्यायचं होतं. गिऱ्हाईक बघा, असं मी मिस्त्रींना सांगितलं. ते नाराज झाले.

"पण तुमच्या दादांनी सांगितलं काय होतं? अगदी त्यांचेच शब्द सांगा."

मी सांगितले. वहिनीसमोर ते शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होतो.

वहिनी हेल्मेट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "कडक म्हणाले?"

"हो."

"आणि स्टिअरिंगपण कडक?"

"हो, वहिनी."

"अहो भाऊजी, स्टिअरिंग कोण कडक मागतं?" तिला हसू फुटलं. "त्यांना बोंबील कडक, पिक्चर कडक. साखरपुड्याला माझी साडी बघून काय म्हणाले होते, सांगू? त्या साडीला काय स्प्रिंगा होत्या?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "ह्यां आधी सांगूक नको?"

मीही हसलो. दादा गेल्यापासून छातीवर जे ओझं होतं, ते उतरल्यासारखं वाटलं. दादाने कसलीही अट घातली नव्हती. हिच्यासाठी झकास काम करून घे, एवढंच तो म्हणाला होता. काय करायचं हे त्याने आमच्यावर, खरं तर तिच्यावर, सोडलं होतं.

मग तिने ठरवलं. मूळच्या मऊ स्प्रिंगा परत बसवायच्या, पण शॉक अॅब्सॉर्बर नवे आणि चांगले घ्यायचे, म्हणजे खड्ड्यानंतर गाडी लगेच स्थिरावेल. खालच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुश बदलायचे. स्टिअरिंगचं जुनं मोठं चाक परत लावायचं, आणि ह्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं पॉवर स्टिअरिंग मिळालं, तर तेही. मिस्त्री प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. मी ती सांगेल तसं एकेक लिहून घेत होतो.

काम झाल्यावर ती गाडीत बसली आणि तिने एका हाताने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. मग पाठीमागची उशी काढून तिने माझ्याकडे दिली, खाली वाकून खटका ओढला आणि दादाच्या उंचीला लावलेली सीट स्वतःपुरती पुढे घेतली.